पूर्वजांचा वाटा सांडणारा तुंबा

मित्रांनो, मी भोपळ्याचा एक म्हातारा तुंबा. बोलगाटांगा शहरात, अतामपोकाबाईंच्या छपरावरच्या वेलाला मी लागलो. त्यांनी मला मधून कापलं, आतला गर खरवडून काढला आणि उन्हात वाळत ठेवलं. वाळताना मी एका अंगाला कललो तो तसाच वाकडा राहिलो. पुढे कधीतरी तडकलोही, तेव्हा बाईंनी दोऱ्याने माझी कूस शिवली. त्या माझ्यात ज्वारी आंबवून केलेली फेसाळ दारू, म्हणजे आमचा पिटो, भरून देत आणि गिऱ्हाईक म्हणे, "मावशी, तुझ्या हाताला चवच वेगळी!" कौतुक पिटोचं असे, पण फुगायचो मी.

बाईंची लेक लामिसी. तिच्या वर्गात अयामगा सरांनी प्रत्येकाला घरचं एक भांडं आणायला सांगितलं. भांड्याच्या पोकळीचे आडवे, पातळ काप मनात करायचे, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढायचं आणि समाकलनाने ते तळापासून काठापर्यंत जोडत जायचं, म्हणजे आत किती मावतं ते कळतं. मग खरंच पाणी भरून ताडून बघायचं. ज्याचं उत्तर पाण्याच्या सगळ्यात जवळ येईल, तो कुमासीला गणिताच्या स्पर्धेला जाणार होता. लामिसीला जायचंच होतं.

बाकीच्यांची पातेली चकचकीत, गोल. मी पिशवीतून बाहेर आलो आणि तिच्या वर्गातला अवुनी ओरडला, "काय गं, वर्गात पिटोचं दुकान मांडतेस?"

"बाजारातून आणलाय," लामिसी घाईने म्हणाली. "कुणाचा होता कोण जाणे."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मोजलं मात्र तिने मन लावून. माझे काप गोल नाहीत, अंड्यासारखे लांबट आहेत, हे तिने ओळखलं. प्रत्येकाची लांबी वेगळी धरली, रुंदी वेगळी. मग मला काठोकाठ भरलं, दोन्ही हातांनी उचललं आणि मापाच्या भांड्यात ओतलं. पाणी उत्तरापेक्षा कमीच भरलं! माझीच शिवण उसवली असणार, या विचाराने मी आणखी खजील झालो.

"सर, खाली बघा!" अवुनी हसत सुटला. "हिनं आधी पूर्वजांना पाजलं!"

जमीन ओली होती. आमच्याकडे तुंब्यातून पिण्याआधी घोटभर जमिनीवर सांडतात, गेलेल्या माणसांसाठी. लामिसीच्या हाताने तेच केलं होतं, तिच्याही नकळत.

"बाजारातल्या तुंब्यानं हाताला अशी सवय लागते होय गं?" अवुनीने विचारलं. वर्गात खसखस पिकली.

सरांनाही हसू आवरेना. "पूर्वजांचा वाटा तू समाकलनात धरला नव्हतास, लामिसी." मग ते गंभीर झाले. "पुन्हा भरू देतो. पण पाणी का सांडलं ते नीट सांग. नाहीतर हेच माप धरीन."

तिचे तळवे मला चिकटले होते, घामाने. मग तिने मला सरांसमोर धरलं.

"सवय आहे, सर. संध्याकाळी गिऱ्हाइकांना मीच वाढते, पहिला घोट सांडून. माझी आई पिटो करते. तुंबा तिचाच आहे."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. सर एवढंच म्हणाले, "भर."

या वेळी पाणी तिच्या उत्तराच्या अगदी जवळ आलं. इतकं जवळ कुणाचंच आलं नव्हतं.

"गेली बाई कुमासीला!" अवुनी म्हणाला. "जाण्याआधी आम्हालाही पाज."

घरी बाई पिटो गाळत होत्या. मला हातात घेत त्यांनी विचारलं, "माझ्या तुंब्याला कुणी हसलं तर नाही ना गं?"

"हसले," लामिसी म्हणाली. "आई, मी जाणार कुमासीला. पण मी आधी त्यांना सांगितलं, तुंबा बाजारातला आहे म्हणून."

"वेडी! असा शिवलेला तुंबा बाजारात कोण विकतं?" बाई हसल्या. पण त्यांची बोटं माझ्या काठावर घट्ट आवळली गेली. ते लामिसीला दिसलं नाही.

मित्रांनो, जुनी भांडी जपा, एवढंच मी तुम्हाला सांगणार होतो. पण भांडं तडकलं तर शिवता येतं. ते शिवणाऱ्या हातांना मात्र चार लोकांत परकं म्हणू नका.