यंत्राला रिकामी दिसलेली गाडी

डेपोत त्या कंडक्टरला सगळे नियमबुवा म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकच नियम मोडला, आणि तोही साथीच्या दिवसांत, जिवाच्या भीतीने.

नियम साधा होता. फुकट पासवाला चढला तरी मशीनमधून शून्याचं तिकीट काढून त्याच्या हातात द्यायचं. कागदाचा कपटाच तो, पण गाडीत माणसं किती होती हे कचेरीला त्यावरूनच कळायचं. साथ आली आणि अर्धं शहर घरात बसलं. पैसे देणारे एक-दोघे सोडले तर पहाटेच्या बसला उरल्या त्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात राबणाऱ्या दहा-बारा बायका, सगळ्या पासवाल्या. रोग्यांच्या चादरी उपसणारे ते हात बघून नियमबुवा दोन पावलं मागे सरायचा. घरी बायको दमेकरी. मग तो लांबूनच मान डोलवू लागला. ‘बसा, बसा, तिकीट नको,’ म्हणायचा, आणि बायकांना वाटायचं, काय देवमाणूस आहे!

त्यांत दोघी जावा होत्या. थोरलीचा गुडघा कामातून गेलेला, जीभ मात्र शाबूत.

“काय हो भाऊ, आम्ही काय भुतं आहोत? दाराला चिकटून उभे राहता ते!”

धाकटी तिला कोपराने ढोसायची. नियमबुवा हसायचा, पण दार सोडायचा नाही.

महिन्याभराने कचेरीने गाड्या छाटायला घेतल्या. साहेबाने आकडे पाहिले: पहाटेची गाडी, प्रवासी दोन. दोन माणसांसाठी कोण बस पळवतो? गाडी बंद झाली. फळ्यावरची नोटीस वाचताच नियमबुवाला न काढलेली शून्याची तिकिटं आठवली. तेव्हाच साहेबापुढे जाऊन खरं बोलला असता तर दुसऱ्या दिवशी गाडी सुटली असती. पण खरं बोलायचं म्हणजे निलंबन, आणि त्या दिवसांत हातची नोकरी कोण घालवणार? आज सांगू, उद्या सांगू करत गडी तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. एक-दोन नाही, एकोणीस दिवस.

विसाव्या दिवशी सायकलवरून डेपोत येताना त्याला त्या बायका दिसल्या. मोकळ्या रस्त्याच्या मधोमध, एकमेकींत अंतर ठेवून, भराभरा चालत होत्या. हॉस्पिटल पायी अजून दीड तासावर होतं. थोरली त्यांत नव्हती. मागे पडली असेल म्हणून तो सायकल थांबवून बघत राहिला. मागे कोणीच नव्हतं. तिथून तो थेट साहेबाकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

“तुम्ही? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” साहेब म्हणाला.

“माझं काय करायचं ते करा साहेब, पण गाडी सोडा.”

लेखी ताकीद मिळाली, बस्स. निलंबित करायला डेपोत माणसंच शिल्लक नव्हती. एवढ्यासाठी एकोणीस दिवस!

सोमवारी गाडी सुटली. बायका चढल्या. धाकटी पुढच्या बाकावर बसली.

“जाऊबाई कुठायत?” नियमबुवाने विचारलं.

“गेल्या,” ती म्हणाली. “चालवेना म्हणून हॉस्पिटलातच राहायला लागल्या. मळक्या चादरींच्या खोलीत निजायच्या. तिथेच ताप आला, आणि गुरुवारी संपलं. तोंडसुद्धा बघू दिलं नाही आम्हाला.” तिने पदराने डोळे पुसले. “तुम्ही साहेबाशी भांडून गाडी आणलीत म्हणे. देव तुमचं भलं करो, भाऊ.”

गप्प राहायला याहून सोयीची वेळ मिळाली नसती.

“भांडलो नाही, ताई. गाडी माझ्यामुळेच बंद झाली होती.” मग त्याने तिकिटं, भीती, ते एकोणीस दिवस, सगळं सांगितलं. काही वगळलं नाही.

धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली. हॉस्पिटल आलं, बाकीच्या उतरल्या. ती दारापाशी आली, पायरीवर थांबली.

“उद्या गाडी येणार ना?”

“येणार.”

“मग तेवढं बघा,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे न पाहता उतरली.