निळा डबा

आधीच सांगते, मी गोड बोलणारी बाई नाही. आमच्या बेटावर कोणालाही विचारा, गुडवेग कशी आहे ते.

एकोणिसाव्या वर्षी मी मादागास्करला जायला निघाले होते, मिशनरी म्हणून. अर्ज केला, सामानाची यादीसुद्धा केली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि महिन्याभरात पत्र आलं: 'आपणांस पाठवता येत नाही.' मग काय, चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात हेरिंग साफ केली. ते पत्र अजून ड्रॉवरमध्ये आहे. टाकवत नाही आणि वाचवतही नाही.

बुधवारी दुपारी प्रार्थनाघरात आमचं बायकांचं मिशन-मंडळ बसतं. मोजे विणायचे, वॅफल खायचे आणि शेवटी डबा उघडायचा. डब्यात चिठ्ठ्या असतात. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव लिहून टाकायचं, मंडळप्रमुख मोल्फ्रिड मोठ्यानं वाचते आणि सगळ्या डोळे मिटतात. डबा सांभाळायचं काम माझं. निळा, झाकणावर रेनडिअर. असलाच दुसरा डबा माझ्या घरात बिस्किटांचा. आता कळलं ना, माती कुठे खाल्ली मी ते?

नोव्हेंबरातल्या त्या बुधवारी मोल्फ्रिडनं झाकण उघडलं आणि आत वेलदोड्याची बिस्किटं! बायका खो खो हसल्या. माझ्या मात्र पायांखालची जमीन सरकली. कारण बिस्किटांचा डबा म्हणून जो डबा मी सकाळी सिव्हर्टच्या टेबलावर ठेवून आले होते, त्यात चिठ्ठ्या होत्या. आणि सगळ्यांत वर होती त्याच्याच नावाची.

सिव्हर्ट माझा शेजारी. जुना बोटवाला, प्रार्थनाघराचा उंबरठा कधी न ओलांडलेला. अकरा वर्षांपूर्वी त्याची बायको ओड्नी गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याचे पडदे बंद दिसले तशी मी आत घुसले. "ऊठ आधी, तोंड धू, अंगाला वास मारतोय," म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. तेव्हापासून रोज सकाळी दहाला त्याच्याकडे कॉफी. भांडतो, हसतो, हवामानाला शिव्या घालतो. तो मला 'मिशनवाली' म्हणतो, मी त्याला 'पाखंडी'. झालं.

आणि चिठ्ठीवर मी काय लिहिलं होतं? 'सिव्हर्ट. शेजारी. दगड. अकरा वर्षं झाली, काही फरक नाही.'

धावतच गेले. तो दारातच उभा होता, चिठ्ठी हातात.

"बाकीच्या वाचल्या नाहीत," तो म्हणाला. "माझी पुरली."

"अरे सिव्हर्ट, ते आपलं..."

"मला वाटायचं तू माझ्याकडे कॉफी प्यायला येतेस. तू तर माझ्यात फरक पडला का ते तपासायला येत होतीस! अकरा वर्षं!"

तिथं हात जोडायचे, तर माझी जीभ सुटली. "तुझी ती काळीढुस्स कॉफी प्यायला कोण येईल रे? शिक्षा आहे शिक्षा!"

दार धाडकन बंद झालं.

दुसऱ्या दिवशी दहाला गेले. दार बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. आत रेडिओ चालू, माणूस गप्प. घरी येऊन कॉफी केली ती एकटीला जाईना. खरं सांगते, मला सिव्हर्टच्या आत्म्याची नाही, माझ्या सकाळची काळजी पडली होती. ह्या वयात दुसरा माणूस कुठून आणायचा, ज्याच्याशी असं मनसोक्त भांडता येईल?

दोन आठवड्यांनी मी त्याच्या बंद दाराशी उभी राहून ओरडले, "ऐक रे! चुकलं माझं. चिठ्ठी मी लिहिली, नाही म्हणत नाही. पण रोज येते ती त्यासाठी नाही. तुझ्याशिवाय करमत नाही म्हणून येते. देवाचं देव बघेल, मला तुझी कॉफी हवीये!"

रेडिओ बंद झाला. दार काही उघडलं नाही. मी घरी आले आणि रडले, उगाच कशाला लपवू.

पुढच्या बुधवारी प्रार्थनाघराच्या पायरीवर निळा डबा. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे सिव्हर्टसारखा पाखंडीसुद्धा पाळतो. झाकण काढलं तर धुरी दिलेल्या बांगड्याचा घमघमाट! कागदात गुंडाळलेले दोन मासे आणि खाली सगळ्या चिठ्ठ्या, तेलानं माखलेल्या. "अगं बाई, आता प्रभूलाही भूक लागेल," मोल्फ्रिड म्हणाली.

सगळ्यांत वर एक नवी चिठ्ठी होती, बोटवाल्याच्या मोठ्या मोठ्या अक्षरात. मोल्फ्रिडनं चष्मा चढवला आणि नेहमीसारखी मोठ्यानं वाचली:

'गुडवेग. शेजारीण. तोंड फाटकं. ओड्नी गेली त्या आठवड्यात मी उठणार नव्हतो. कधीच उठणार नव्हतो. तेव्हा हिला कोणी पाठवलं मला ठाऊक नाही. तुमची त्याच्याशी ओळख आहे, तर माझे आभार त्याला कळवा.'

कोणी डोळे मिटले नाहीत. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी विणकाम तिथंच टाकलं, कोट चढवला आणि बाहेर पडले. छप्पन्न वर्षं मी 'पाठवलं' ह्या ज्या एका शब्दासाठी झुरले, तो ह्या माणसानं बांगड्याच्या तेलात बुडवून माझ्या हाती दिला होता. वाटभर एवढंच म्हणत होते, देवा, थँक्यू, थँक्यू रे बाबा.

सिव्हर्टचं दार उघडं होतं. टेबलावर दोन कप.

"काय गं मिशनवाली," मान वर न करता तो म्हणाला, "आज कोणी पाठवलं?"

"पाठवलंय खरं," मी म्हटलं. "सरक, बसू दे."

कॉफी नेहमीसारखीच काळीढुस्स होती. मी दोन कप प्यायले.