कोरडी दरी : आवृत्ती चार

“‘हा नकाशा करणारा माणूस आंधळा आहे काय?’” बायकोनं मोठ्यानं वाचलं आणि मटाराच्या शेंगा मांडीवर तशाच ठेवून ती हसत सुटली. “अहो, ऐकलंत का? चष्मेवाल्याला आंधळा म्हणतायत!”

“पुढे वाच.”

“‘डावीकडून येणाऱ्याचं काय पाप आहे? वळसे घालता घालता म्हातारा होतो बिचारा.’ खाली अंगठे किती? एकवीस. म्हणजे आणखी एकवीस जणांना तुम्ही आंधळे वाटता.”

“वाटू दे. लोक बोलतायत हे काय कमी आहे?”

“हो ना. मी घरात बोलते ते कमीच पडत होतं तुम्हाला.”

खेळात लोक त्याला ‘काचवाला’ म्हणत, आणि ते खरंच होतं. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो एकतीस वर्षं काचा घासत होता. पुढे आरसे, दिवे, गिऱ्हाइकं. मागे पाण्याखाली फिरणारं चाक, आणि चाकासमोर हा. कार्डावर उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर. दोन्ही सारखे असलेला माणूस महिन्यातून एखादाच यायचा.

खेळ जुना, संगणकावरचा. दोन खेळाडू, दोन फौजा, मधे एक टेकडी. जो टेकडी दहा मिनिटं धरून ठेवील तो जिंकला. यंदा खेळवाल्यांनी जाहीर केलं होतं की खेळाडूंनी स्वतः केलेले बारा नकाशे खेळात घेणार. नकाशा टाकायचा, सहा आठवडे लोकांचं ऐकून घ्यायचं, सुधारायचं, पुन्हा टाकायचा. प्रत्येक वेळी काय बदललं त्याची नोंद खाली लिहायची.

आवृत्ती एक. बदलांची नोंद : पहिलाच नकाशा आहे. सांभाळून घ्या. नाव ‘कोरडी दरी’.

दरीबिरी काही नव्हती. ते घर होतं. तो आणि त्याचा धाकटा भाऊ वाढले ते, दोन खोल्यांचं. ओट्याचं त्यानं पठार केलं, मोरीचं तळं, लोखंडी कपाटाचा उभा कडा. मधली टेकडी म्हणजे आईची खाट. पहिला खेळाडू खिडकीखालून निघायचा, जिथे तो स्वतः अंथरूण टाकायचा. दुसरा मागच्या दाराशी, मोरीजवळून, जिथे धाकटा झोपायचा. सगळ्यावर झाडं, माती, खडक असे काही पसरले होते की कुणाच्या बापाला ओळखू येऊ नये. एका माणसाला मात्र यावं, एवढाच हेतू होता.

हा खेळ त्याला धाकट्यानंच शिकवला होता. नोकरीसाठी दूर गेल्यावर दर रविवारी दोघं खेळायचे, एक फोन कानाला लावून. “दादा, अरे घोडेस्वार काय शोभेला ठेवलेत?” अकरा वर्षांपूर्वी ते थांबलं. खेळातलं धाकट्याचं खातं तसंच होतं. नावापुढे राखाडी ठिपका. फोन बदलला होता, पत्ता बदलला होता. पण खेळ एखाद्याच्या बोटांतून जात नाही, असं काचवाल्याला वाटायचं. कधीतरी तो डोकावेल. डोकावला तर नकाशे बघेल. बघितले तर कळेल.

आवृत्ती दोन. बदलांची नोंद : पठारावर लाकूड वाढवलं. तळ्याकाठची दोन झाडं काढली, घोडे अडकत होते. ‘आंधळा’ म्हणणाऱ्यांचे आभार.

दुसऱ्या आवृत्तीवर तेहेतीस प्रतिक्रिया आल्या. बहुतेक वैतागलेल्या. एकानं लिहिलं होतं की नकाशा सुंदर आहे, पण सुंदर तर आमची वहिनीपण आहे, तिला फौज चालवता येत नाही. त्याखाली कुणाच्या तरी वहिनीनं येऊन त्याला चार शब्द सुनावले होते. आणि त्या भांडणाच्या खाली, ‘सुतळी’ नावाच्या नव्याच खात्यावरून, एवढंच :

*मोजून बघितलं. खिडकीकडून टेकडीपर्यंत अकरा पावलं. मोरीकडून बेचाळीस. कपाटाला वळसा पडतो. मोरीकडचा पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं.*

काचवाल्यानं ते तीनदा वाचलं. मग उठून हात धुऊन आला आणि चौथ्यांदा वाचलं.

खिडकी. मोरी. कपाट. नकाशात तर तळं होतं, कडा होता.

“अगं,” तो म्हणाला, “तो आलाय.”

बायको दोरीवरचे कपडे काढत होती. कोण, असं तिनं विचारलं नाही. अकरा वर्षं या घरात ‘तो’ म्हणजे एकच होता. ती कपडे तसेच खांद्यावर घेऊन आली, वाचलं, आणि म्हणाली, “नाव कुठाय?”

“नाव कसं लिहील? पण हे बघ ना. सगळं आटोपलेलं असतं, म्हणे.”

आई आजारी पडली ती आठ दिवसांत गेली. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, “धाकट्याला कळवू नकोस. नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल.” यानं कळवलं नाही. कळवलं ते सगळं संपल्यावर. धाकटा आला तेव्हा खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. मागच्या दारानं आत आला, मोरीत उभा राहून पायांवर किती तरी वेळ पाणी घेत राहिला. मग म्हणाला, “आठ दिवस होते रे दादा.” तेवढंच. बॅग उघडलीसुद्धा नाही त्यानं.

आवृत्ती तीन. बदलांची नोंद : सुतळी यांच्या सूचनेवरून कडा एका बाजूनं फोडला. डावीकडची वाट आता चौतीस पावलं. आणखी कमी करता येईल का ते सांगावं.

सुतळीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. *चौतीसही जास्त आहेत.*

यानं लिहिलं : *तुम्ही म्हणाल तेवढी करतो.*

*मी कोण म्हणणार? नकाशा तुमचा आहे.*

*दोघांचा आहे.*

मग : *हो. खेळायला दोघं लागतात.*

पुढचे चार दिवस काचवाला दुकानात गुणगुणत होता. दुकानाची मालकीण त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, ती म्हणाली, “काका, लॉटरी लागली की काय?” घरी शेवटी बायकोनं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, “किती दिवस झाडं काढायची आणि झाडं लावायची? सरळ विचारा ना.”

“खेळात असं विचारत नाहीत गं.”

“मग खेळाबाहेर विचारा.”

रविवारी सकाळी त्यानं सुतळीला खासगी निरोप पाठवला. लिहायला दोन तास लागले, आणि झाला तो एवढाच :

*मी दादा. तू ओळखलंस, मीही ओळखलं. आईनं सांगितलं होतं म्हणून मी कळवलं नाही. तेवढं एकदा तुझ्याशी बोलायचं होतं. घरी ये. वहिनी वाट बघते.*

उत्तर सोमवारी दुपारी आलं. तो मागच्या खोलीत डबा उघडून बसला होता.

*काका, तुमची काहीतरी चूक होतेय. मी तुमचा भाऊ नाही. मी बाई आहे, वय एकोणचाळीस. ते घर आहे हे मला कसं कळलं असं तुम्हाला वाटलं असेल, तर अहो, ते सगळ्यांना कळतं. ओटा, मोरी, कपाट, मधे खाट. अर्ध्या जगाचं घर असंच असतं. प्रतिक्रियांच्या दुसऱ्या पानावर लोक त्याला ‘खाटेची लढाई’ म्हणतायत, वाचलं नाहीत का?*

*आता राहवत नाही म्हणून विचारते. माझी आई आतल्या खोलीत झोपून आहे. मी तिच्या उशाशी बसून खेळते, डोकं दुसरीकडे लागतं. भाऊ जहाजावर असतो. ती रोज म्हणते, त्याला कळवू नकोस. मी नाही कळवलेलं. तुमचं वाचलं आणि हात थांबला. तुम्ही केलंत ते बरोबर होतं का?*

डबा तसाच राहिला. त्या दुपारी त्यानं एका शिक्षकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे आणि उजवी डावीकडे बसवली. शिक्षक चष्मा घालून दारापर्यंत गेले आणि भिंतीला हात लावून उभे राहिले. अशी चूक एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मालकिणीनं दोन्ही काचा परत त्याच्या हातात दिल्या.

तो चाकासमोर बसला, पण चाक सुरू केलं नाही.

बरोबर होतं का? अकरा वर्षं तयार असलेलं उत्तर होतं त्याच्याकडे : आईनंच सांगितलं होतं. नातेवाइकांना तेच, शेजाऱ्यांना तेच. कुणी उलटून विचारलं नव्हतं, कारण आईचा शब्द म्हटल्यावर लोक माना डोलावतात. आता एका अनोळखी बाईनं विचारलं होतं, आणि तिची आई अजून जिवंत होती.

तिसऱ्या दिवशी आईनं डोळे उघडले होते. “आला का रे तो?”

“येतोय,” हा म्हणाला होता.

पाचव्या दिवशी पुन्हा. “आला?”

“वाटेत आहे.”

फोन खिडकीत होता. हात लांब केला असता तर पुरला असता. पण धाकटा आला की आईचं तोंड त्याच्याकडे वळायचं. लहानपणापासून तसंच होतं. ते आठ दिवस ती याच्याकडे तोंड करून झोपली होती. याच्याच हातून पाणी प्यायली. उद्या कळवू, असं तो रोज म्हणत गेला.

त्यानं फोन घेतला आणि लिहिलं :

*बरोबर नव्हतं. ती ‘कळवू नको’ म्हणाली ते पहिल्या दिवशी. नंतर दोनदा तिनंच विचारलं, आला का. मी खोटं बोललो. तुम्ही आत्ता कळवा. आई रागावली तर रागावू दे.*

अर्ध्या तासानं उत्तर आलं. *कळवलं.*

त्यानंतर सुतळी खेळात दिसली नाही. तिच्याकडे पुढे काय झालं, भाऊ पोचला की नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं.

शेवटच्या आठवड्यात खेळवाल्यांचा निरोप आला. नकाशा लोकांना आवडलाय. दोन्ही वाटा सारख्या करा, बारांत घेऊ. मुदत रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

रविवारी दुपारी त्यानं कपाट काढून टाकलं. सबंध कडा उचलला, खाली माती पसरली. डावीकडून अकरा पावलं, उजवीकडून अकरा. मग दोन्ही बाजू संगणकाच्या हाती देऊन तो नुसता बघत बसला. मागच्या दारातून निघालेला घोडेस्वार तळ्याला वळसा घालून सरळ आत आला आणि खिडकीकडच्याबरोबर एकाच क्षणी टेकडीवर चढला.

“छान दिसतंय की,” मागून बायको म्हणाली. “पाठवून टाका. निवडला गेला तर पेढे… नाही, तुमची साखर. निवडला गेला तर फिरायला नेते तुम्हाला.”

त्यानं पुन्हा लावलं. घोडेस्वार पुन्हा वेळेवर आला.

“असं झालं नव्हतं गं,” तो म्हणाला. “आणि एक सांगायचं राहिलंय तुला. आईनं त्याला बोलवायला सांगितलं होतं. दोनदा. मी…”

“माहीत आहे मला.”

तो वळला.

“ओट्यापाशी होते मी,” ती म्हणाली. “दोन्ही वेळा.”

“मग अकरा वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि फोन मलाही करता आला असता.” तिनं त्याच्या खुर्चीच्या पाठीवरची धूळ पदरानं पुसली, जिथे धूळ नव्हती. “चहा टाकते.”

आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. काचवाल्यानं कपाट परत जागेवर ठेवलं. फोडलेला कडा बुजवला. काढलेली दोन झाडंसुद्धा लावली; तिथे आईची नहाणीची बादली आणि पाट असायचा. पावलं मोजली. बेचाळीस. पाचला बारा मिनिटं कमी असताना त्यानं नकाशा पाठवला.

आवृत्ती चार. बदलांची नोंद : सर्व बदल मागे घेतले आहेत. हे घर आहे. दुसऱ्या खेळाडूला उशीर होतो. त्याला वेळेवर निघता आलं असतं, त्याला निघ म्हणून सांगितलं नाही. हा दोष दुसऱ्या खेळाडूचा नाही, त्याच्या आईचाही नाही. नकाशा करणाऱ्याचा आहे.

एक प्रतिक्रिया आली, चार वाजून एकोणसाठ मिनिटांनी. *अरे, हा तर पहिल्यापेक्षा वाईट झाला!* तिला तीन अंगठे मिळाले. मग पाच वाजले आणि लिहायची चौकट पानावरून निघून गेली. नोंद तेवढी राहिली.

चहा आला. त्यानं कप घेतला आणि शेजारची खुर्ची जरा ओढून बायकोला बसायला जागा केली. दोघं पडद्याकडे बघत बसले. कुणीतरी दोन अनोळखी खेळाडू ‘कोरडी दरी’त उतरले होते. खिडकीकडचा टेकडीवर पोचून कधीचा उभा होता, आणि दुसरा कपाटाच्या आडून चालत होता, न थांबता.