आठ नंबरचा डावा, सात नंबरचा उजवा

मी एक जुना लष्करी बूट आहे. डावा. नंबर आठ. माझ्याबद्दल एवढंच मी खात्रीने सांगू शकतो, बाकी सगळा घोळ आहे. तेव्हा मित्रांनो, हकिगत सांगताना मी मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या. जन्मभर लोकांच्या पायाखाली राहिलेल्याची बुद्धी अशी कितीशी चालणार?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कातडं कापणाऱ्या बाईने मला आणि माझ्या उजव्या भावाला एकाच कातड्यातून कापलं. मग शिलाई झाली, जाड तळ ठोकला गेला, टाचेला लोखंडी नाल बसली आणि जिभेच्या आतल्या बाजूला आठचा शिक्का पडला. शेवटी आमच्या नाड्या एकमेकांना बांधून आम्हाला खोक्यात घातलं. त्या अंधारात मला जरासुद्धा भीती वाटली नाही. भाऊ शेजारी होता ना!

लष्कराच्या भांडारात एका शिपायाने आम्हाला उचललं. पोरगा विशीतला, नुकताच भरती झालेला. पहिला महिनाभर आम्ही त्याला असे चावलो की बिचारा रात्री टाचांना तेल चोळत बसायचा. पण शिव्या नाही दिल्या हो कधी! रोज पॉलिश करायचा, नाड्या धुवायचा. हळूहळू आम्ही त्याच्या पायांना सरावलो आणि तोही आम्हाला. संचलनात अधिकारी आमच्याकडे बघून म्हणायचे, "याला म्हणतात बूट!" तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा. चमक पॉलिशची आणि रुबाब माझा!

मग आमची रवानगी उंच डोंगरावरच्या एका चौकीवर झाली. बारा महिने बर्फ. एका तंबूत आठ जण राहायचे. त्यातले तिघे आमच्या शिपायाच्या अगदी जिवाभावाचे. एक स्वयंपाकी, एक वायरलेसवाला आणि तिसरा जिराफ. हे अर्थात त्याचं टोपणनाव. माणूस ताडमाड उंच, पण पाय सात नंबरचे. एवढ्याशा पायांवर एवढा माणूस उभा तरी कसा राहतो, यावरून सगळे त्याची टर उडवायचे. तोही हसायचा.

गस्तीवरून आल्यावर ओले बूट तंबूच्या मधोमध रॉकेलच्या शेगडीभोवती वाळत ठेवायचे, अशी पद्धत होती. सोळा बूट गोल करून बसायचे. आता नीट ऐका, कारण इथूनच माझं डोकं चालेनासं होतं.

त्या दिवशी सकाळी बाहेर हिमवादळ घोंघावत होतं आणि तंबूत शेगडीचा धूर कोंडला होता. हाताला हात दिसत नव्हता. मी मस्त वाफाळत बसलो होतो. एकदम वायरलेसवाला ओरडला, "खालच्या चौकीवर हल्ला झालाय! दोन मिनिटांत बाहेर!" मग काय विचारता! एकच गोंधळ उडाला. कुणी कुणाचा कोट घातला, कुणी कुणाची टोपी. मला कुणीतरी उचललं, कुणीतरी फेकलं, आणि एक पाय माझ्यात घुसला. पाय ओळखीचा होता. हुश्श केलं. उतारावरून धावताना शेजारी पाहतो तर काय, उजवा माझा भाऊ नव्हताच! तो होता सात नंबरचा, जिराफचा बूट. माझा भाऊ जिराफच्या पायात गेला होता.

मी किती ओरडलो असेन! पण बुटाचं ओरडणं बर्फात नुसतं करकर ऐकू येतं.

आमच्या शिपायाच्या ध्यानात ते तासाभराने आलं. तोवर थांबायची सोय उरली नव्हती. आठ नंबरचा पाय सात नंबरच्या बुटात कोंबून तो तीन दिवस चालला. शेवटी इस्पितळात त्याच्या उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. आणि जिराफ? तो परतला नाही. दोन दिवसांनी तो उतारावर बर्फात सापडला. इस्पितळातल्या कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं, "एका पायात बूट होता, दुसरा पाय नुसत्या मोज्यात." आमच्या शिपायाने ते ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

बूट सैल होता म्हणून निसटला आणि जिराफ पडला? की तो पडला म्हणून बूट निसटला? मित्रांनो, मी यावर चाळीस वर्षं विचार करतोय. मला उत्तर सापडलेलं नाही. माझा भाऊ अजून तिथेच बर्फात असेल, एवढंच मला कळतं.

शिपाई लंगडत घरी आला. गल्लीतल्या लोकांनी गराडा घातला. कुणीतरी विचारलं, "गोळी लागली का हो?" तो खाली मान घालून आत गेला. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. संध्याकाळपर्यंत एका गोळीच्या दोन झाल्या होत्या, आणि महिन्याभरात तो एकटा दहा जणांशी लढला होता.

त्याची लेक ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. आता ती ड्रायव्हिंग शिकवते. शिकाऊ माणूस घाबरला की म्हणते, "अहो, क्लचला काय घाबरता? माझे बाबा पायात गोळी घेऊन तीन दिवस चालले!" तिला बापाचा अभिमान म्हणजे काय, काही विचारू नका! आणि बाप गप्पच. रोज सकाळी आम्हाला पॉलिश करायचा. आधी उजव्याला, मग मला. मला आधी राग यायचा. घरचा मी आणि मान पाहुण्याला! पुढे पुढे कळेनासं झालं की राग नक्की कुणावर धरायचा. तो सात नंबरचा तरी काय सुखात होता? त्याचाही जोडीदार गेलाच होता.

मागच्या महिन्यात निवृत्त सैनिकांचा मेळावा ठरला. प्रत्येकाने आपली एक जुनी वस्तू आणायची आणि उभं राहून सांगायचं की आपण कुठल्या घरातून आलो, वडील काय करायचे, फौजेत काय काम केलं. लेकीने लगेच आम्हाला पिशवीतून बाहेर काढलं. पुसता पुसता तिने जीभ उलटली आणि थबकली.

"बाबा, अहो हे जोडीचे नाहीत! एक आठ, एक सात. तुमच्या भांडारवाल्यांनी तुम्हाला बनवलं की काय?"

"असू दे. ठेव ते," तो म्हणाला.

तिने खांदे उडवले आणि सुवाच्य अक्षरात कार्ड लिहिलं. "शत्रूची गोळी लागली त्या दिवशी पायात असलेले बूट." तो ते कार्ड बराच वेळ वाचत राहिला. 

मेळावा एका शाळेच्या सभागृहात होता. लांब टेबलावर डबे, पट्टे, फोटो आणि त्यांच्यामध्ये आम्ही दोघे. एकेक जण उठून सांगत होता. एवढ्यात एक टकला म्हातारा काठी टेकत टेबलापाशी आला. त्याने सात नंबरच्या उजव्याला उचललं, जीभ उलटून शिक्का पाहिला आणि त्याला पोटाशी धरलं. तो आमचा स्वयंपाकी होता.

"हा जिराफचा आहे," तो म्हणाला. "मीच केलं हे. त्या सकाळी शेगडीवर किटली ठेवायला मी बूट बाजूला सारले आणि परत कसेही ठेवले. माझ्यामुळे गेला रे तो!"

मागून आवाज आला, "तुझ्यामुळे कसा? बूट फेकले कुणी? मी!" हा वायरलेसवाला. कानात यंत्र, पण आवाज तोच. "धुरात हाताला लागेल तो बूट उचलला आणि पुढच्याच्या अंगावर टाकला. ओरडलोही मीच. चाळीस वर्षं झोप नाही मला."

आमचा शिपाई खुर्चीतून उठला. "गप्प बसा दोघंही. घातला मी. शेगडीने आखडला असेल म्हणून, पायात शिरत नव्हता तरी कोंबला. एक क्षण थांबून खाली पाहिलं असतं, तर..." 

मला काही समजेना. एकच चूक, आणि तीन म्हातारे ती एकमेकांच्या हातातून ओढून घेत होते. तिघांनी इतकी वर्षं ती आपापल्या घरी एकट्याने सांभाळली होती!

टेबलामागे उभी असलेली लेक पुढे आली. "बाबा, मग गोळी?"

"गोळी नव्हती गं."

"चाळीस वर्षं? मी जगाला सांगत सुटले होते, बाबा! एकदा तरी अडवायचं होतंत मला!"

"तू एवढी मिरवत होतीस. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

ती चिडून दाराकडे निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली. परत आली, तिने कार्ड उचलून टराटरा फाडलं. नवं कार्ड घेतलं, खुर्ची ओढली आणि पेन उघडलं. तिचा आवाज अजून रागावलेलाच होता. "तो कोण होता? सांगा. त्याचे वडील काय करायचे?"

हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. तिघेही एकदम बोलले.

"घड्याळं दुरुस्त करायचे."

"छे! नाव चालवायचे नदीवर."

"अरे, शिक्षक होते ते!"

लेकीचं पेन हवेतच राहिलं. "बहीण-भाऊ?" एक म्हणाला, बहिणी दोन. दुसरा म्हणाला, एकुलता एक. तो शीळ छान वाजवायचा की अजिबात वाजवायचा नाही, यावर तर हमरीतुमरी झाली. तिघांना मिळून एक माणूस नीट आठवेना; खरं नावसुद्धा नाही, जिराफ तेवढं. स्वयंपाकी डोकं धरून खाली बसला. मला त्यांची इतकी कीव आली! त्या तंबूत त्याच्या शेजारी मीही होतो, पण मला तरी काय ठाऊक? फक्त त्याचे पाय.

शेवटी लेक हलक्या आवाजात म्हणाली, "वय?"

"बावीस," तिघेही म्हणाले.

कार्डावर तिने तेवढंच लिहिलं. वय वर्षे बावीस. आणि ते सात नंबरच्या उजव्यासमोर ठेवलं. मग तिने बापाचा हात धरला. तो ढसाढसा रडला. त्याला तसं रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा कुणी फौजेतून आलेला, गप्प गप्प माणूस असेल. आम्हा जुन्या वस्तूंना पॉलिश करा, आम्हाला बरं वाटतं. पण आधी त्या माणसाजवळ बसा. काय पराक्रम केलात, असं विचारू नका. सोबत कोण होतं, ते विचारा. आणि जरा लवकर विचारा. नाहीतर एक दिवस तुम्हाला ते एखाद्या बुटाला विचारावं लागेल, आणि मला तर त्याच्या वडिलांचा धंदाही सांगता येत नाही.