घड्याळ कुठं थांबवायचं

या, असे जवळ सरका. कीर्तनाला बसतो तसे, मांडीला मांडी लावून. आज तुम्हाला आमच्या ड्रायव्हरकाकांची गोष्ट सांगते.

मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकल्प मिळाला तो असा: वस्तीतून फोन आला की मदत किती मिनिटांत पोचते? दोन महिने मी अँब्युलन्समध्ये काकांच्या शेजारी बसून फिरले. मांडीवर कागद, गळ्यात स्टॉपवॉच. काका मला घड्याळबाईच म्हणत. "काय घड्याळबाई, डबा आणलात, की आज मिनिटंच खायची?"

फोन वाजला की बटण दाबायचं, काकांनी हँडब्रेक ओढला की पुन्हा दाबायचं. काका आणि परिचारक स्ट्रेचर घेऊन पळत. मी गाडीत बसून छान अक्षरात कागद भरी. चाळीस फेऱ्या झाल्या. सरासरी नऊ मिनिटं.

कॉलेजातल्या आमच्या बाई खूश. "दहाच्या आत! म्हणजे वस्तीचं सगळं ठीक चाललंय. सोमवारी दे, पास झालीस समज." बाबांनी तर आळीभर सांगूनही टाकलं होतं.

त्याच शुक्रवारी वस्तीतल्या शिंपीकाकांच्या घरून फोन आला. कापड बेतता बेतता त्यांच्या हातून कात्री गळून पडली होती आणि तोंड वाकडं झालं होतं. परिचारक रजेवर, म्हणून स्ट्रेचरचं दुसरं टोक माझ्याकडे आलं. गेटपाशी हँडब्रेक ओढला, आठ मिनिटं झाली होती. मी बटणाकडे बोट नेलं.

"राहू दे चालू," काका म्हणाले. "पेशंट काय माझ्या टायरात बसलाय?"

गेटला कुलूप. किल्ली शोधायला एक जण पळाला. मग चार जिने, मिट्ट काळोख, एकाही दारावर नंबर नाही. आम्ही तीन भलतीच दारं ठोठावली. चौथं उघडलं तेव्हा शिंपीणकाकू रडत म्हणाल्या, "अहो, गाडी तर मघाशीच खिडकीतून दिसली!"

घड्याळात एकोणीस मिनिटं.

शिंपीकाका वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला, कात्रीचा हात. थोडं आधी आणलं असतं तर कदाचित हातही वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

परतताना मी काकांवरच चिडले. "आधी का नाही बोललात?"

"मला वाटलं, शिकल्यासवरल्या माणसांचं काही तरी गणित असेल," ते ओशाळून म्हणाले.

सोमवारी मी बाईंना सांगितलं, चाळीसही कागद चुकीचे आहेत.

"सहा महिने मागं पडशील."

"पडेन. पण ती नऊ मिनिटं खोटी आहेत, बाई."

बाबांना आळीभर पुन्हा फिरून सांगावं लागलं, पोर अजून पास व्हायची आहे म्हणून.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता घड्याळ थांबायचं ते पेशंटच्या उशाशी. सरासरी आली सोळा. गेटची किल्ली, जिन्यातला दिवा, दारावरचा आकडा, यातच सात मिनिटं सांडत होती. ती सात मिनिटं मी अहवालात लिहिली, आणि काकांनी ड्यूटी संपल्यावर रंगाचा डबा उचलला. शिंपीकाकांनी डाव्या हाताने, आपल्या कापड आखायच्या खडूने दारोदार आकडे आखून दिले. काका ते रंगवत गेले. सगळेच आकडे जरा कलते. काकू म्हणाल्या, "अहो, बाहीसारखे तिरके काय आखता?" त्यावर हसलेले ते दोघं म्हातारे मला अजून दिसतात. तो रंगाचा वास अजून नाकात आहे.

काका आता नाहीत. देवाने त्यांचं दार एका फेरीत शोधलं असेल, अशी माझी श्रद्धा आहे. आज घरी जाल, तेव्हा आपल्या दारावरचा आकडा पुसट झालाय का, एवढं बघा. आणि तो ठळक करताना आमच्या ड्रायव्हरकाकांची आठवण काढा.