मुंग्या न लागलेला अनारदाणा

भीमाबाईला मुंग्यांचा भारी राग. पुणतांब्यात डाळिंबाचे दाणे गच्चीवर वाळत घालायचे म्हणजे मुंग्यांशी उभा दावा. दरवर्षी ती वाळवणाच्या साडीभोवती हळदीची रेघ ओढायची आणि वर शिव्यांची लाखोली वाहायची. यंदा मात्र आठ दिवसांत एकही मुंगी फिरकली नाही. बाई खूश! वाळलेल्या अनारदाण्याचा पहिला डबा तिने सोमवारीच राहात्याला लेकीकडे धाडला. धनश्रीला सातवा महिना, त्यात आंबटाचे डोहाळे. आमटीत टाकायचे दाणे ती नुसतेच चघळत बसायची.

शेजारची मेहताब शिर्डीच्या हॉटेलांना मसाले पुरवते. छोल्यांसाठी अनारदाणा न्यायला ती गच्चीवर आली.

"यंदा एक मुंगी न्हाई बघ," भीमाबाई तोऱ्यात म्हणाली.

मेहताबने मूठभर दाणे उचलले होते, ते तिने परत खाली सोडले. "एकबी न्हाई? काकू, हे काय बरं लक्षण न्हाई."

"तुझं आपलं काहीतरीच!"

भीमाबाईने तावातावाने गुळाचा खडा आणून दाण्यांच्या पलीकडे ठेवला. थोड्या वेळाने कठड्याच्या फटीतून मुंग्यांची रांग निघाली. दाण्यांपाशी येऊन थबकली, आणि साडीला लांबून वळसा घालून गुळाकडे गेली.

डाळिंबं सूर्यभानच्या बागेतली. तडकलेलं फळ बाजारात कोण घेतो, म्हणून तो दरवर्षी तिला फुकट देई. तिने त्याला फोन लावला.

"सूर्यभान, फळावर काय फवारलं हुतं का रं?"

"व्हय काकू. तेल्या रोग आला, म्हणून तोडायच्या आदल्या दिवशी जहाल औषध मारलं. तुमाला सांगायचंच राहिलं बघा. पण तुमी दाणे धुता ना?"

दाणे ती कधीच धूत नसे. पाणी लागलं की आंबटपणा जातो, हे तिनेच साऱ्या आळीला शिकवलं होतं. फळं वरून धुतली होती, पण तडकलेल्या सालीतून औषध आत उतरल्यावर त्याचा काय उपयोग? तिने लगेच लेकीला फोन लावला. धनश्रीचा फोन दोनदा लागलाच नाही. तिसऱ्यांदा लागला.

"आई, डबा संपला गं, अजून पाठव," धनश्री हसत म्हणाली. "आन् तुझं नातवंड आज लई शहान्यावानी वागतंय. सकाळपासनं एक लाथ न्हाई मारली."