चारनंतर तीन

मी सिनेमाचा ऑपरेटर. एकोणतीस वर्षं त्या खुराड्यात काढली. दोन मशीनं, एक स्टूल आणि भिंतीत पाटीएवढी काच. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं. वीस मिनिटांच्या वर जागा सोडायची सोय नाही. लघवीलासुद्धा पडद्यावरचा प्रसंग बघून जायचं!

बायको गेली त्या दिवशीही मी तिथेच होतो. दुपारी डोअरकीपर जिना चढून आला. म्हणाला, "वहिनींचा फोन होता. जीव घाबराघुबरा होतोय, लवकर या म्हणाल्या." मी खेकसलो, "आणि शो काय तुझा बाप चालवणार?" शो संपवून घरी गेलो. तोवर सगळं आटोपलं होतं.

लोक म्हणाले, रड बाबा, मोकळा हो. कसलं रडतोय! डोळ्यांत टिपूस नाही, छातीवर नुसता धोंडा. घर खायला उठायचं, म्हणून दहाव्या दिवशी कामावर हजर झालो.

आणि पहिल्याच दुपारी माती खाल्ली. तिसरं रीळ लावायचं तर चौथं लावलं. चौथ्यात नायकाची बायको तापाने जाते. ती गेली, रीळ संपत आलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या मशीनवर तिसरंच चढवलेलं होतं. पडदा कोरा ठेवण्यापेक्षा तेच सोडलं.

तिसऱ्यात तसं काहीच घडत नाही. ती नवऱ्याच्या शर्टाला बटण लावते, दोरा दाताने तोडते, "दिवसभर कुठे उलथला होतात?" म्हणून त्याला फाडफाड बोलते. एरवी इथे लोक चहाला उठायचे. आज आधी दोन शिट्ट्या वाजल्या, मग सगळं चिडीचूप. ती जाणार हे अख्ख्या थेटराला ठाऊक होतं, फक्त तिलाच नव्हतं. माझी बायकोही अशीच बोलायची आणि मी खुशाल कानाआड करायचो. मशीनला धरून ढसाढसा रडलो. यायला हवं होतं गं मी, यायला हवं होतं!

थेटराचे मालक दार ढकलून आत आले. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? बाई मेली नि परत बटणं लावतेय!" मी हात जोडले. शो सुटल्यावर ते पुन्हा आले, पण आता आवाज मऊ होता. "लोक डोळे पुसत बाहेर पडले हो. सहाच्या शोलाही असंच लावा."

जमणार नाही, म्हणायला तोंड उघडलं. रोज तीनदा तिला आपल्या हाताने मारायचं? पण सरळ लावलं तर ती मरते ती मरतेच, परत येत नाही.

"लावतो," म्हणालो.

सिनेमा सात आठवडे चालला. शेवटी रिळांचे डबे न्यायला माणूस आला. खालून मालक हाका मारत होते, जिन्यात डोअरकीपर विनवण्या करत होता. मी आतून कडी घालून बसलो होतो. तिसरं चालू होतं.